एक खून, एक कचेरी आणि जेन टेनिसन

लंडनमधील भाड्याच्या एका खोलीत एका तरुणीचे प्रेत सापडते. अनन्वित छळ करून तिला मारण्यात आले आहे. आणि तपासासाठी आलेला अनुभवी, दिलदार, हाताखालच्या माणसांचा जिवलग असा पोलीस अधिकारी प्रेतावर एक नजर टाकून सांगून मोकळा होतो की, ही या खोलीची भाडेकरू, देहविक्रयावर पोट भरणारी डेला मॉर्ने. खोली तिची, धंदा तसला, मरणही तसलेच, तेव्हा बाईही तीच असली पाहिजे, या तर्कात ठाण्यातील कोणालाच खोट दिसत नाही. लवकरच एक संशयित हाती लागतो, जबान्यांचे कागद भराभर रंगू लागतात, आणि विक्रमी वेळात आरोप ठेवण्याच्या ईर्षेने धावणारा तो अधिकारी, जॉन शेफर्ड, हृदयविकाराच्या झटक्याने कोसळून मरतो. त्याच्या जागी, वरिष्ठांच्या नाइलाजाने, जिची नेमणूक होते ती बाई सारे दफ्तर पहिल्या कागदापासून वाचावयास बसते आणि थोड्याच वेळात तिच्या ध्यानात येते की, प्रेत डेलाचे नाहीच. मेलेली मुलगी कॅरन हॉवर्ड नावाची, एका सुस्थित घरातील, अगदी निराळी मुलगी आहे. आणि डेला कोठे आहे याची चौकशी करण्याची आवश्यकता तोवर कोणालाही वाटलेली नाही.

‘प्राइम सस्पेक्ट’ या ब्रिटिश मालिकेचा हा प्रारंभ. ग्रॅनडा या संस्थेने निर्मिलेली ही कथा ७ आणि ८ एप्रिल १९९१ या लागोपाठच्या दोन रात्री ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवरून प्रथम दाखविली गेली, आणि हेलन मिरेन या अभिनेत्रीने साकारलेली डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर जेन टेनिसन पुढे पंधरा वर्षांत एकूण सात पर्वांतून प्रेक्षकांसमोर येत राहिली. आज ज्या अनेक मालिकांत एकाकी, अस्वस्थ, घरसंसार विस्कटलेली, मद्याच्या किंवा स्मृतींच्या आहारी गेलेली स्त्री-पोलीस दिसते, त्या सर्वांची पूर्वज म्हणून टेनिसनकडे बोट दाखविले जाते. ते योग्यच आहे. परंतु ही वंशावळ सांगताना एक गोष्ट हटकून निसटते. पहिल्या कथेतील टेनिसनला मनाची कोणतीही व्याधी जडलेली नाही. तिच्या ठायी जी अस्वस्थता आहे ती कचेरीने निर्माण केलेली आहे, आणि मालिकेचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत साठविलेले आहे की, खुनाचा तपास आणि कचेरीचा तपास हे तिथे दोन विषय राहत नाहीत. मेलेल्या बाईकडे धड न पाहता तिचे नाव ठरवून टाकणारी जी नजर, तीच नजर दीड वर्ष त्या ठाण्यात काम मागत बसलेल्या टेनिसनकडेही न पाहता पलीकडे जात असते.

कथेची लेखिका लिंडा ला प्लांट ही मूळची रंगभूमीवरील नटी. १९४३ साली लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या या बाईंनी नाट्यशिक्षण घेऊन अनेक वर्षे लहानमोठ्या भूमिका केल्या, आणि वाट्याला येणाऱ्या त्याच त्या पात्रांना कंटाळून त्या लेखनाकडे वळल्या. दरोडेखोर नवऱ्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा अर्धवट राहिलेला दरोडा स्वतः तडीस नेणाऱ्या स्त्रियांची ‘विडोज’ ही त्यांची मालिका १९८३ साली गाजली होती. पोलिसांवरील नव्या कथेची जुळवाजुळव करताना त्यांनी लंडनच्या पोलीस दलात चीफ इन्स्पेक्टरच्या हुद्द्यावर गुन्हे-तपास करणाऱ्या स्त्रिया किती, याची चौकशी केली, तेव्हा ती संख्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. त्यांपैकी एक, जॅकी माल्टन, यांच्याशी त्यांची गाठ पडली. सशस्त्र दरोड्यांच्या तपासासाठी नावाजलेल्या फ्लाइंग स्क्वॉडमध्ये माल्टन यांनी काम केले होते, आणि सहकाऱ्याच्या भ्रष्टाचाराविरुद्ध तोंड उघडल्यामुळे स्वतःच्याच खात्यात वाळीत पडण्याचा अनुभवही घेतला होता. ठाण्यात माणसे कशी उभी राहतात, टोमणा कोणत्या क्षणी मारतात, बाई आत आली की कोणते वाक्य अर्धेच राहते, हा तपशील ला प्लांट यांना त्यांच्याकडून मिळाला. आणि असा तपशील नुसत्या कल्पनेतून निर्माण होत नाही, हे पडद्यावरील प्रत्येक प्रसंग पाहताना जाणवते.

काळही अनुकूल होता, किंबहुना पोलीस खात्याच्या दृष्टीने तो अत्यंत प्रतिकूल होता. लंडनच्या पोलीस दलातील स्त्रियांची स्वतंत्र शाखा १९७३ साली मोडून त्यांना मुख्य दलात सामावून घेण्यात आले, आणि १९७५ च्या कायद्याने नोकरीतील लिंगभेद बेकायदा ठरला. म्हणजे कागदोपत्री समता येऊन एका तपाहून अधिक काळ उलटून गेला होता. तरीही १९८३ साली मर्सिसाइडच्या पोलीस दलात असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल झालेल्या अ‍ॅलिसन हॅलफर्ड यांना, त्या हुद्द्यावर पोहोचलेल्या देशातील पहिल्या स्त्रीला, त्यापुढील बढती वारंवार नाकारली गेली, आणि अखेरीस १९९० साली त्यांनी आपल्याच खात्याविरुद्ध पक्षपाताची फिर्याद गुदरली. प्रकरण १९९२ साली तडजोडीने मिटले. पण या फिर्यादीच्या काळात त्यांच्या कचेरीतील टेलिफोनवरील संभाषणे चोरून ऐकली गेल्याचे पुढे निष्पन्न झाले, आणि १९९७ साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याबद्दल ब्रिटिश सरकारला दोषी धरले. दुसरीकडे, बर्मिंगहॅममधील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात १९७५ साली जन्मठेप झालेले सहा जण निर्दोष ठरून १४ मार्च १९९१ रोजी, म्हणजे ‘प्राइम सस्पेक्ट’ दाखविली जाण्याच्या चार आठवड्यांच्या आतच, तुरुंगातून सुटले होते. पोलिसांनी घेतलेला कबुलीजबाब म्हणजे सत्य, या समजुतीला त्या वसंतात ब्रिटनमध्ये फारसा कोणी वाली उरला नव्हता.

म्हणूनच या कथेत घड्याळाला मोठे महत्त्व आहे. १९८४ च्या पुराव्यासंबंधीच्या कायद्यानुसार संशयिताला आरोपाविना चोवीस तासच कोठडीत ठेवता येते. गुन्हा गंभीर असल्यास सुपरिंटेंडेंटच्या हुकुमाने ती मुदत छत्तीस तासांपर्यंत वाढते, आणि त्यापुढे मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहून, फार झाले तर शहाण्णव तासांपर्यंतची परवानगी मागावी लागते. जबानी ध्वनिफितीवर नोंदविली जाते, वकील शेजारी बसलेला असतो. जॉर्ज मार्लो हा संशयित, जॉन बो या नटाने विलक्षण सौम्यपणे रंगविलेला, अशा बंदिस्त खोलीत बसून टेनिसनच्या प्रश्नांना नम्रपणे उत्तरे देतो, मुदत संपताच उठून घरी जातो, आणि प्रेक्षकाच्या मनात क्षणभर, केवळ क्षणभर, असा विचार येऊन जातो की, जुन्या पद्धतीचा शेफर्ड असता तर बरे झाले असते. हा विचार आपल्या मनात उत्पन्न करून मग त्याची लाज वाटावयास लावणे, ही लेखिकेची हुशारी. कारण शेफर्डच्या घाईमुळेच मार्लो पहिल्यांदा सुटलेला असतो.

टेनिसन ही पडद्यावरील पहिली स्त्री-पोलीस मात्र नव्हे. ब्रिटनमध्येच १९८० साली ‘द जेंटल टच’ आणि ‘ज्युलिएट ब्राव्हो’ या दोन मालिका सुरू झाल्या होत्या, आणि दोहोंत अधिकारपदावर स्त्री होती. त्या मालिका प्रामाणिक होत्या. पण त्यांतील नायिकांचा चांगुलपणा हा त्यांना अधिकार मिळण्याचा जणू दाखला होता, आणि पुरुष अधिकाऱ्याकडे असा दाखला कोणी मागत नाही. टेनिसन चांगली असल्याचे सिद्ध करण्याच्या भरीस पडत नाही. ती महत्त्वाकांक्षी आहे आणि ते लपवीत नाही. शेफर्डचे प्रेत थंड होण्यापूर्वी त्याची जागा मागावयास ती वरिष्ठांच्या खोलीत जाऊन उभी राहते. तो प्रसंग पाहताना संकोच वाटतो, आणि तोच प्रसंग एखाद्या पुरुषाच्या बाबतीत घडता तर आपण त्याला कार्यतत्परता म्हटले असते, हेही त्याच वेळी उमगते.

कचेरीतील लढाई ही मोठ्या भाषणांची नाही. हाताखालचे लोक तिला ‘मॅडम’ म्हणू लागतात, तेव्हा ती स्पष्ट सांगते की, आपण काही राणी नव्हे, पुरुष अधिकाऱ्याला ज्या नावाने हाक मारता त्याच नावाने मारा. (याच हेलन मिरेननी २००६ साली खऱ्याखुऱ्या राणीची भूमिका करून ऑस्कर पटकावले, याला नियतीची थट्टा म्हणावी काय?) तिचा खरा प्रतिस्पर्धी मार्लोपेक्षाही सार्जंट बिल ऑटली आहे. टॉम बेल या नटाने, चेहऱ्यावरची रेषही फार हलू न देता, त्याचा द्वेष उभा केला आहे. ऑटली हा दुष्ट माणूस नाही. तो मेलेल्या साहेबाचा निष्ठावंत आहे, आणि ही निष्ठाच त्याला गुन्ह्याच्या दारापर्यंत नेते. शेफर्डचे डेलाशी संबंध होते, तिच्या रोजनिशीत त्याचे नाव सापडले असते, म्हणून ही रोजनिशी मुद्देमालातून गायब होते. येथे कथेचे दोन्ही धागे एकमेकांत गुंतून पडतात. ज्याने प्रेताची ओळख पटविली तो डेलाला अत्यंत जवळून ओळखत होता, तरीही त्याने चूक केली. म्हणजे जवळून ओळखत असतानाही त्याने तिचा चेहरा कधी पाहिला नसावा. एका पोलीस-कथेत यापेक्षा भयंकर वाक्य कोणी लिहिले असेल असे मला वाटत नाही, आणि गंमत अशी की, हे वाक्य मालिकेत कोणीच उच्चारीत नाही.

घरी पीटर आहे. तो चांगला गृहस्थ आहे, घटस्फोटित आहे, धंद्यात नव्याने जम बसवू पाहतो आहे, आणि आपल्या पाहुण्यांच्या मेजवानीला घरची बाई वेळेवर असावी एवढीच त्याची माफक अपेक्षा आहे. टेनिसन उशिरा येते. तो निघून जातो. लेखिकेने त्याला खलनायक केले नाही, आणि टेनिसनला अश्रूही फार ढाळू दिले नाहीत. शेफर्डच्या घरीही बायको होती, मुले होती, आणि तो रात्ररात्र घराबाहेर राहत असे. पण त्याच्या कामाच्या वेळा सांभाळण्याचे काम दुसरे कोणीतरी निमूटपणे करीत होते. टेनिसनच्या घरी ते करणारे कोणी नाही. तिच्या ‘विस्कटलेल्या’ खासगी आयुष्याचे रहस्य एवढेच आहे, आणि ते मानसशास्त्रापेक्षा हजेरीपत्रकाच्या अधिक जवळचे आहे.

आपल्याकडील मराठी रहस्यकथेला हा विषय सुचला नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको. हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय हे सारे नायक कचेरीच्या बाहेरचे, हुकुमाची वाट न पाहणारे वीर. बढती, बदली, गोपनीय शेरा या गोष्टींनी त्यांचा दिवस कधी काळवंडला नाही. खात्याच्या आत शिरू पाहणारी स्त्री भारतीय प्रेक्षकाला दिसली ती १९८९ साली दूरदर्शनवरील ‘उडान’ या मालिकेत. कविता चौधरी यांनी आपली बहीण कांचन चौधरी यांच्या जीवनावरून ती रचली होती, आणि कांचन चौधरी भट्टाचार्य पुढे २००४ साली उत्तराखंडाच्या, आणि देशातल्याही, पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. ‘उडान’ची कथा खात्यात प्रवेश मिळविण्याची, ‘प्राइम सस्पेक्ट’ची कथा प्रवेश मिळाल्यावर खुर्चीवर बसू देत नाहीत त्याची. मुंबईच्या क्राइम ब्रँचचे प्रमुखपद मीरा बोरवणकर यांच्या रूपाने प्रथमच एका स्त्रीकडे आले, तेव्हा टेनिसनच्या पहिल्या प्रक्षेपणाला एक तप उलटून गेले होते.

पुढील पर्वांचा दर्जा सारखा नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. १९९२ च्या दुसऱ्या पर्वात आफ्रो-कॅरिबियन लोकांच्या वस्तीत एका परसात पुरलेला मुलीचा सांगाडा सापडतो, आणि वस्तीचा रोष शमविण्यासाठी बॉब ऑस्वाल्ड या कृष्णवर्णी सार्जंटला तपासात घातले जाते. कोलिन सॅमनने केलेला हा ऑस्वाल्ड टेनिसनचाच दुसरा अवतार आहे: दाखविण्यापुरता हवा असलेला, ऐकण्यापुरता नको असलेला. त्याने कसून प्रश्न विचारलेला एक तरुण कोठडीत गळफास घेतो, तेव्हा टेनिसन त्याच्या पाठीशी उभी राहत नाही. जो अन्याय तिने सोसला तोच, निराळ्या रंगाने, तिच्या हातून घडतो. स्वतः पीडित असलेली व्यक्ती इतरांच्या पीडेविषयी आपोआप सहृदय होते, हा भाबडा समज मोडून काढण्याचे धैर्य फार थोड्या लेखकांत असते. १९९३ च्या तिसऱ्या पर्वात सोहोमधील अल्पवयीन मुलांच्या शोषणाचा माग लागतो, आणि तो काढता काढता ती गर्भवती असल्याचे तिला कळते. गर्भपाताचा निर्णय ती एकटी घेते, आणि मालिका त्यावर प्रवचन झोडीत नाही. १९९५ पासून ती सुपरिंटेंडेंट होते. १९९६ चे मँचेस्टरमधील पर्व मला सामान्य वाटते. सात वर्षांच्या खंडानंतर २००३ साली आलेले, बोस्नियातील कत्तलीतून वाचून लंडनला आलेल्या निर्वासित स्त्रीच्या खुनाचे पर्व मात्र तोलामोलाचे आहे. दिग्दर्शक टॉम हूपर पुढे चित्रपटसृष्टीत नावारूपास आले, त्याची चुणूक तेथे दिसते.

या सर्वांत मला अधिक विचार करावयास लावणारी कथा १९९५ च्या पर्वातील तिसरी, ‘द सेंट ऑफ डार्कनेस’ ही होय. मार्लो तुरुंगात असताना त्याच्याच पद्धतीने पुन्हा खून होऊ लागतात, आणि प्रश्न उभा राहतो की, टेनिसनने निरपराध माणसाला तर आत टाकले नाही ना? ज्या यशावर तिची सारी कारकीर्द उभी आहे त्याचाच पाया खणला जातो, खात्यातील मंडळी सावधपणे चार पावले दूर होतात, आणि १९९१ मध्ये शेफर्डच्या कामावर जसा तिने संशय घेतला तसा आता तिच्या कामावर घेतला जातो. हा न्याय आहे, आणि लेखकाने तो टाळला नाही.

हेलन मिरेनविषयी लिहावे तेवढे थोडे. मालिका सुरू झाली तेव्हा त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि या वयाच्या अभिनेत्रीला मध्यवर्ती भूमिका देऊन तिला तरुण दाखविण्याची खटपट न करणे हेच त्या वेळी नवल होते. १९९२, १९९३ आणि १९९४ अशी सलग तीन वर्षे त्यांना ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, अमेरिकेतील एमी पुरस्कारही दोनदा मिळाला. परंतु त्यांचा खरा पराक्रम ऐकण्याच्या अभिनयात आहे. समोरचा माणूस अपमान करीत असताना त्याचे उत्तर मनात तयार होऊन ओठांपर्यंत येते, तेथे ते उपयुक्त की हानिकारक याचा हिशेब होतो, आणि मग सिगारेटचा एक झुरका घेऊन ते परत आत पाठविले जाते, हे सारे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येते.

टेनिसननंतर ही परंपरा दूरवर पसरली. डेन्मार्कच्या ‘फोरब्रिडेल्सन’ मालिकेतील सारा लुंड २००७ साली आली. डेन्मार्क व स्वीडन यांना जोडणाऱ्या पुलावरील प्रेतापासून सुरू होणाऱ्या ‘ब्रुन’ मालिकेतील सागा नोरेन २०११ साली आली. आणि २०१९ च्या ‘दिल्ली क्राइम’मध्ये शेफाली शहा यांची वर्तिका चतुर्वेदी आली, जिच्या मालिकेला पुढल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. लुंड आणि नोरेन या दोघी अत्यंत वेधक आहेत, हे मान्य करूनही सांगावेसे वाटते की, त्यांचे वैचित्र्य त्यांच्या स्वभावात आहे. कचेरी त्यांना बव्हंशी सहन करते. वर्तिका मात्र टेनिसनच्या कुळातील आहे: नादुरुस्त गाड्या, अपुरे मनुष्यबळ, वीज जाणारे ठाणे, आणि वरून येणारे राजकीय फोन यांच्यामधून तिचा तपास वाट काढतो.

राहता राहिले २००६ चे अखेरचे पर्व, ‘द फायनल अ‍ॅक्ट’. यात निवृत्तीच्या उंबरठ्यावरील टेनिसन मद्यासक्त झालेली आहे, वडील मरणशय्येवर आहेत, आणि व्यसनमुक्तीच्या सभेत तिची गाठ कोणाशी पडते, तर बिल ऑटलीशी. तोही तेथेच येऊन पोहोचलेला. तो तिची क्षमा मागतो. टॉम बेल हे पर्व दाखविले जाण्याच्या थोडेच दिवस आधी निवर्तले, त्यामुळे या प्रसंगाला एक अनपेक्षित गांभीर्य आले. पण ला प्लांट यांना हा शेवट मुळीच रुचला नाही. या पर्वाचे लेखन त्यांचे नव्हते, आणि एका समर्थ स्त्रीच्या कारकिर्दीचा शेवट तिला दारूच्या आहारी घालून करावा याबद्दलची आपली नापसंती त्यांनी उघडपणे बोलून दाखविली. त्यांची तक्रार निराधार नाही. पुरुष अधिकाऱ्याचे पिणे ही त्याची सवय आणि स्त्री अधिकाऱ्याचे पिणे ही तिची शोकांतिका, हा भेद कथालेखकांनी फार काळ जोपासला आहे. मात्र ज्यांच्यावरून टेनिसन घडली त्या माल्टन यांनीही आपल्या मद्यासक्तीविषयी पुढे आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले आहे. शिवाय पहिल्या कथेपासून प्रत्येक यश ठाण्यातील मंडळी मद्याचे पेले उंचावूनच साजरे करीत आली, आणि त्या मंडळीत आपली गणना व्हावी म्हणून टेनिसननेही पेला उचलला. त्या अर्थाने तिची व्याधी हीसुद्धा कचेरीतूनच घरी आलेली आहे, आणि फ्रँक डीझी यांनी लिहिलेले हे पर्व मला ला प्लांट यांच्याइतके अन्यायकारक वाटत नाही; ऑटलीला त्याच खोलीत आणून बसविल्यामुळे तर नाहीच.

ला प्लांट यांनी आपले उत्तर कादंबरीतून दिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टेनिसन’मध्ये त्यांनी तिला १९७३ सालच्या लंडनमध्ये, नुकतीच भरती झालेली शिपाई म्हणून उभे केले, आणि पुढे त्या मालिकेत अनेक पुस्तके लिहिली. त्यावरून २०१७ साली टेलिव्हिजनवर आलेले रूपांतर सहा भागांतच आटोपले. २०११ साली अमेरिकेत झालेले मूळ मालिकेचे नवे रूपही एका हंगामापलीकडे टिकले नव्हते. ज्यांनी हे काहीच पाहिलेले नाही त्यांनी १९९१ ची कथा आधी पाहावी, तीही दोन्ही भाग सलग. मग दुसरे पर्व, आणि त्यानंतर मधले सोडून ‘द सेंट ऑफ डार्कनेस’. बाकीचे सवडीने पाहिले तरी चालेल.